38 वर्षांनी फिरलेली जागा: न्यू कॅलेडोनियाचा दुसरा मतदारसंघ, 2024

फ्रान्सच्या नॅशनल असेंब्लीत 577 खासदार बसतात. त्यातले दोन निवडून येतात पॅरिसपासून सुमारे 17 हजार किलोमीटरवरच्या न्यू कॅलेडोनियातून. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, प्रशांत महासागरात, निकेलच्या खाणींवर जगणारा हा प्रदेश. तिथल्या दुसऱ्या मतदारसंघात 7 जुलै 2024 रोजी एमान्युएल चिबाऊ 57 टक्क्यांहून जास्त मतं घेऊन निवडून आले. स्वातंत्र्यवादी कनाक खासदार पॅरिसला जाण्याची ही 1986 नंतरची पहिली वेळ.

हे प्रकरण अभ्यासायला घेतलं ते त्यातल्या एका विसंगतीमुळे. दोन महिन्यांपूर्वी याच प्रदेशात मतदार यादी खुली करण्याच्या, म्हणजे उशिरा येऊन राहिलेल्यांनाही प्रांतिक निवडणुकीत मत देण्याच्या, प्रस्तावावरून जाळपोळ झाली होती. यादी खुली झाली की आपण कायमचे अल्पमतात जाऊ, ही कनाक स्वातंत्र्यवाद्यांची भीती. आणि ते जिंकले ती निवडणूक मात्र सगळ्यांत खुल्या यादीवर झाली.

पार्श्वभूमी

1853 मध्ये फ्रान्सने ही बेटं ताब्यात घेतली. मूळच्या कनाक लोकांना 1946 मध्ये नागरिकत्व मिळालं, पण मताचा हक्क सगळ्यांच्या हाती एकदम पडला नाही. 1951 ला मतदार यादीत कनाकांची संख्या लक्षणीय वाढली आणि त्यांच्या जोरावर मोरिस लनॉर्मां हा फ्रान्सहून आलेला गोरा औषधविक्रेता खासदार झाला. त्याच्याच पुढाकाराने युनियन कॅलेडोनियन हा पक्ष उभा राहिला. 'दोन रंग, एक जनता' ही त्या पक्षाची घोषणा. स्वातंत्र्याची मागणी तेव्हा नव्हती. हवी होती ती स्वायत्तता.

1962 च्या एका बॉम्बस्फोट प्रकरणात शिक्षा होऊन लनॉर्मांची खासदारकी गेली आणि 1964 च्या पोटनिवडणुकीत रॉक पिजो निवडून आले. हे पहिले कनाक खासदार. मों-दोर भागातल्या ला कॉन्सेप्सियाँ या वस्तीचे ते प्रमुख. सलग 22 वर्षं त्यांनी जागा राखली. पण या काळात पायाखालची जमीन बदलत होती. निकेलला भाव आला, फ्रान्समधून आणि पॅसिफिकमधल्या इतर फ्रेंच बेटांवरून माणसं आली. 1972 मध्ये पंतप्रधान पिएर मेस्मेर यांनी एका पत्रात फ्रेंच नागरिकांचं मोठ्या प्रमाणावर स्थलांतर घडवण्याचा विचार लिहून ठेवला होता आणि त्यामागे कनाक राष्ट्रवादाला आवर घालण्याचा हेतू होता. कनाक नेते आजही या पत्राचा दाखला देतात. यादीत नवं नाव चढलं की तिथे इतका संशय का येतो, ते या पत्रावरून कळतं.

1977 ला युनियन कॅलेडोनियनने उघडपणे स्वातंत्र्याची भूमिका घेतली. 1978 ला प्रदेशाला एकाऐवजी दोन जागा मिळाल्या. एक पिजोंकडे राहिली, दुसरी फ्रान्सनिष्ठांचे नेते, निकेल उद्योजक झाक लाफ्लर यांच्याकडे गेली.

मग आला बहिष्काराचा काळ. 1984 च्या सप्टेंबरमध्ये स्वातंत्र्यवादी पक्षांनी एकत्र येऊन एफएलएनकेएस ही आघाडी उभी केली आणि 18 नोव्हेंबरच्या प्रादेशिक विधानसभेच्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला. त्या दिवशी कनाला गावच्या नगरपालिकेत एलुआ माशोरो या नेत्याने कुऱ्हाड उचलली आणि मतपेटी फोडली. तो फोटो अजूनही छापला जातो. बहिष्काराचा हिशेब मात्र असा की त्या निवडणुकीत 42 पैकी 34 जागा लाफ्लर यांच्या आरपीसीआर या पक्षाला मिळाल्या. 1986 च्या संसदीय निवडणुकीवरही बहिष्कार पडला आणि दोन्ही खासदार फ्रान्सनिष्ठ झाले. पिजोंची जागा हरून गेली नाही, ती सोडून दिली गेली. पुढे 38 वर्षं ती परत मिळाली नाही.

आजच्या मतदारसंघांच्या हद्दी 1986 च्याच. नकाशा समोर ठेवून पाहिलं तर पहिल्या मतदारसंघात राजधानी नुमेआ, दक्षिणेचं पाइन बेट आणि पूर्वेच्या समुद्रातली लिफू, मारे, उव्हेआ ही बेटं आहेत. नुमेआची लोकसंख्या मोठी आणि तिथे फ्रान्सनिष्ठांचं वर्चस्व, त्यामुळे बेटांवरची जवळजवळ एकगठ्ठा स्वातंत्र्यवादी मतं त्यात विरून जायची. उरलेल्या 28 नगरपालिकांचा दुसरा मतदारसंघ. त्यात येंगेन, कनाला, पोआँदिमिए, कोने असा कनाक पट्टा येतो, बुराई, ला फोआ यांसारखी गोऱ्या गुरेपालकांची गावं येतात आणि डुम्बेआ, पाइता, मों-दोर ही नुमेआची फुगत चाललेली उपनगरंही येतात. हेतू काय होता हे बाजूला ठेवू. परिणाम असा झाला की उत्तरेचा गठ्ठा दक्षिणेच्या उपनगरांनी तोलला जायचा आणि काटा दर वेळी दक्षिणेकडेच झुकायचा.

या जागेवर मोरिस नेनू, मग 1996 पासून पिएर फ्रोजिए, 2012 आणि 2017 ला फिलिप गोमेस, 2022 ला निकोला मेत्सदोर्फ असे फ्रान्सनिष्ठ खासदार होऊन गेले. नेनू स्वतः कनाक होते, हे मुद्दाम सांगायला हवं. तिथलं राजकारण 'काळे विरुद्ध गोरे' एवढ्या एका ओळीत बसत नाही. 2017 ला लुई मापू आणि 2022 ला जेरार रेनिए हे स्वातंत्र्यवादी उमेदवार दुसऱ्या फेरीपर्यंत पोचले, पण पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास अडकले.

तीन याद्यांचा घोळ

पुढचं सगळं समजायला हे नीट लक्षात घ्यावं लागतं. न्यू कॅलेडोनियात मतदार यादी एक नाही. फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष, खासदार, नगरपालिका यांच्यासाठी सर्वसाधारण यादी असते. तिथे राहणाऱ्या कोणाही प्रौढ फ्रेंच नागरिकाला तीत नाव नोंदवता येतं, काल-परवा बदली होऊन आलेल्या शिक्षकालाही. प्रांतिक निवडणुकांसाठी विशेष यादी आहे. 1998 च्या नुमेआ कराराने ती आखली आणि 2007 च्या घटनादुरुस्तीने गोठवली. ढोबळमानाने, 1998 च्या आधीपासून तिथे असलेले आणि त्यांची मुलं एवढ्यांनाच तीत जागा. स्वातंत्र्यावरच्या सार्वमताची यादी तिसरी, आणखी अरुंद.

प्रांतिक निवडणुकीतूनच प्रदेशाचं सरकार बनतं, म्हणून खरी सत्ता त्या यादीत आहे. 2024 पर्यंत साधारण पाचातला एक मतदार त्या यादीबाहेर होता. पॅरिसचा प्रस्ताव असा की सलग 10 वर्षं राहिलेल्यांना मत द्यावं. त्याने सुमारे 25 हजार नावं वाढली असती. 2019 च्या जनगणनेत 2 लाख 71 हजार लोकसंख्या आणि त्यात 41 टक्के कनाक असलेल्या प्रदेशात हा आकडा किरकोळ नव्हे.

पेच

14 मेच्या रात्री असेंब्लीने हे विधेयक 351 विरुद्ध 153 मतांनी मंजूर केलं. त्याचे असेंब्लीतले प्रतिवेदक, म्हणजे विधेयकाची बाजू सभागृहात मांडणारे खासदार, होते मेत्सदोर्फ, म्हणजे याच दुसऱ्या मतदारसंघाचे खासदार. नुमेआ आणि उपनगरांत 13 मेपासूनच आगी लागल्या होत्या. आणीबाणी, संचारबंदी, रस्तोरस्ती अडथळे. या सगळ्या काळात मिळून 14 जणांचा जीव गेला, त्यात दोन जाँदार्म (लष्करी पोलीस) होते. कारखाने, दुकानं, शाळा जळाल्या. मों-दोरच्या दक्षिणेकडे जाणारा रस्ता सँ-लुई वस्तीपाशी महिनोन्महिने बंद राहिला आणि लोक बोटीने नुमेआला ये-जा करू लागले.

अशात 9 जूनला राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी असेंब्ली बरखास्त केली. कारण युरोपीय निवडणुकीतला पराभव. त्याचा न्यू कॅलेडोनियाशी काडीचा संबंध नव्हता. पण मतदान 30 जूनला आणि उमेदवारीसाठी हाताशी जेमतेम आठवडा. घटनादुरुस्तीची प्रक्रियाही तिथेच थांबली.

समोरचे पर्याय

स्वातंत्र्यवाद्यांपुढे पहिला पर्याय सवयीचा होता, बहिष्कार. 2021 च्या तिसऱ्या सार्वमतावर त्यांनी तो टाकला होता. कोविडमधल्या मृत्यूंच्या शोककाळात मतदान नको, अशी त्यांची मागणी होती. पॅरिसने ती मानली नाही आणि 44 टक्के मतदानात 96.5 टक्के लोकांनी फ्रान्समध्ये राहण्याचा कौल दिला. आधीच्या दोन सार्वमतांत, 2018 ला 43.3 आणि 2020 ला 46.7 टक्के मतं मिळवलेल्या चळवळीचा आकडा कागदावर साडेतीन टक्क्यांवर आला. त्या निकालाला नैतिक अर्थ नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पण पॅरिसने पुढची सगळी मांडणी त्याच निकालावर केली, हेही खरं.

दुसरा पर्याय, प्रत्येक मतदारसंघात आघाडीचा एकच उमेदवार. तिसरा, प्रत्येक घटक पक्षाने आपापला लढवावा आणि दुसऱ्या फेरीत एकत्र यावं. आपल्याकडे मतविभागणी म्हटलं की पराभव ठरलेला. फ्रान्सच्या दोन फेऱ्यांच्या पद्धतीत पहिल्या फेरीतली बंडखोरी माफ होऊ शकते, म्हणून तिसरा पर्याय वाटतो तितका वेडगळ नव्हता.

निर्णय आघाडीच्या अधिवेशनात व्हायचा होता. कोनेजवळच्या नेचाओत वस्तीत 15 जूनला ते भरलंही, पण रस्त्यावरचं आंदोलन चालवणाऱ्या सीसीएटी या गटाच्या उपस्थितीवरून वाद पेटला आणि ते पुढे ढकलावं लागलं. म्हणजे ऐन निर्णयाच्या वेळी निर्णय घेणारं व्यासपीठच उरलं नाही.

फ्रान्सनिष्ठांचा हिशेब वेगळा होता. मेत्सदोर्फ यांनी दुसरा मतदारसंघ राखायचा की सुरक्षित वाटणाऱ्या नुमेआत जायचं? पहिल्या मतदारसंघात फिलिप द्युनोये हे मवाळ फ्रान्सनिष्ठ खासदार आधीच होते. त्यांना वाट मोकळी करून द्यायची की त्यांच्याविरुद्ध उतरायचं?

काय केलं

युनियन कॅलेडोनियनने आघाडीची वाट न पाहता उमेदवार दिले. पहिल्या मतदारसंघात ओमायरा नेसलीन, दुसऱ्यात एमान्युएल चिबाऊ.

ही निवड या प्रकरणातली सगळ्यांत हुशार चाल, असं माझं मत आहे. चिबाऊ यांनी तोवर एकही निवडणूक लढवली नव्हती. नुमेआतल्या चिबाऊ सांस्कृतिक केंद्राची धुरा सांभाळलेला, कनाक भाषा आणि मौखिक परंपरेत रमलेला माणूस. रस्त्यावरच्या अडथळ्यांशी त्यांचं नाव जोडलेलं नव्हतं. आणि आडनाव? वडील झाँ-मारी चिबाऊ येंगेनचे महापौर, एफएलएनकेएसचे नेते. 1984 च्या डिसेंबरमध्ये येंगेनच्या खोऱ्यात दबा धरून केलेल्या गोळीबारात 10 कनाक मारले गेले, त्यात झाँ-मारींचे दोन भाऊ होते. एवढं सोसून त्यांनी 1988 ला लाफ्लरशी हात मिळवून मातिन्याँ हा शांतता करार केला. त्या करारापायीच 4 मे 1989 ला उव्हेआत एका कनाक माणसानेच त्यांना गोळी घातली. तडजोड आणि संघर्ष या दोन्हींची आठवण एकाच आडनावात आहे. त्यामुळे जहाल तरुण आणि थकलेले मवाळ, दोघांनाही हा उमेदवार आपला वाटू शकला.

सीसीएटीने मतदान रोखलं नाही. इथे फ्रेंच सरकारच्या एका निर्णयाचा विचार करावा लागतो. 19 जूनला या गटाचे नेते क्रिस्तियाँ तेन यांना अटक झाली आणि दोन-तीन दिवसांत त्यांना विमानाने थेट फ्रान्समधल्या तुरुंगात हलवलं गेलं. पहिली फेरी आठवड्यावर होती. डुम्बेआ, पाइता, मों-दोर भागात पुन्हा जाळपोळ झाली. त्याच वेळी, जे कनाक मतदार खासदारकीच्या निवडणुकीला 'ती फ्रान्सची निवडणूक' म्हणून घरी बसायचे, त्यांच्यापुढे बाहेर पडायला एक ठोस कारण उभं राहिलं.

फ्रान्सनिष्ठांनी अदलाबदल केली. मेत्सदोर्फ नुमेआच्या मतदारसंघात गेले आणि दुसऱ्यात उभे राहिले आल्सिद पाँगा. कुआउआचे महापौर, रासाँब्लमाँ पक्षाचे अध्यक्ष आणि स्वतः कनाक. गोमेस-द्युनोये यांचा मवाळ गट वेगळा लढला.

निकाल

2022 च्या पहिल्या फेरीत तिनातला जेमतेम एक मतदार आला होता. 30 जून 2024 ला 60 टक्के आले, 7 जुलैला 71 टक्क्यांच्या घरात. संचारबंदी चालू, रस्ते अडवलेले, तरीही. फ्रेंच मतदानात सहसा यंत्र नसतं. प्रत्येक उमेदवाराच्या चिठ्ठ्या टेबलावर मांडलेल्या असतात, मतदार त्या उचलतो, पडद्याआड पाकिटात हवी ती घालतो आणि पारदर्शक पेटीच्या फटीपाशी येतो. पाकीट आत पडलं की केंद्रावरचा अधिकारी मोठ्याने सांगतो, 'मत दिलं'. माशोरोने पेटी फोडली त्या कनालासह सगळ्या कनाक पट्ट्यात आता त्याच पेटीसमोर रांगा होत्या.

दुसऱ्या मतदारसंघात चिबाऊ 57.4, पाँगा 42.6. पहिल्या मतदारसंघात द्युनोये पहिल्याच फेरीत बाद झाले आणि मेत्सदोर्फ 52.4 विरुद्ध 47.6 असे निसटते जिंकले. दोन वर्षांपूर्वी याच जागेवर द्युनोयेंनी दोन तृतीयांश मतं घेतली होती. दोन्ही जागांची बेरीज केली तर स्वातंत्र्यवाद्यांकडे 53 टक्के मतं आली.

म्हणून बहुमत स्वातंत्र्याच्या बाजूने फिरलं, असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. दंगलीनंतर काही लोक प्रदेश सोडून गेले होते, काहींना घराबाहेर पडणं सोपं नव्हतं, फ्रान्सनिष्ठ आपसांत फुटले होते. पण एक गोष्ट नाकारता येत नाही. पंचेचाळीस टक्क्यांची जी मर्यादा या जागेवर गृहीत धरली जायची, ती यादीने घातलेली नव्हती. घरी बसणाऱ्यांनी घातलेली होती.

वेगळं काय करता आलं असतं

मेत्सदोर्फ यांचं स्थलांतर आधी पाहू. स्वतःची जागा वाचवली या अर्थी ते बरोबर ठरलं. त्यांच्या छावणीसाठी मात्र ते महाग पडलं. विद्यमान खासदार निघून गेल्यावर दुसऱ्या मतदारसंघातल्या उपनगरी मतदाराला काय संदेश गेला असेल, याची कल्पना करता येते. द्युनोयेंना पहिल्यात राहू देऊन मेत्सदोर्फ स्वतःच्या जागी उभे राहिले असते तर दुसरा मतदारसंघ वाचला असता का? मला शंका वाटते. विधेयकाचे प्रतिवेदक म्हणून त्यांच्याविरुद्ध कनाक मतदान कदाचित आणखी वाढलं असतं. पण निदान मवाळ आणि जहाल फ्रान्सनिष्ठ एकमेकांना पाडण्यात गुंतले नसते.

सरकारची चूक जास्त ठळक आहे. अटक हा न्यायालयीन प्रक्रियेचा भाग असेल. आरोपींना 17 हजार किलोमीटर दूर हलवण्याला मात्र तिथे वसाहतकाळाचा वास येतो, कारण बंडखोर कनाकांना हद्दपार करणं हा तिथला जुना शिरस्ता होता. मतदान आठवड्यावर असताना हे केल्याने सुरक्षा किती साधली ते सांगता येत नाही. प्रचार मात्र स्वातंत्र्यवाद्यांचा झाला.

स्वातंत्र्यवाद्यांनी पहिल्या मतदारसंघावरही इतकंच लक्ष दिलं असतं तर, हा प्रश्न उरतो. नुमेआचा मतदारसंघ आपला नाहीच, या समजुतीने तिथे वर्षानुवर्षं पक्षबांधणी ढिली राहिली. नेसलीन यांना पाच टक्क्यांहून कमी फरक भरून काढायचा होता. शहरात राहायला आलेले कनाक तरुण आणि वॉलिस-फुटुना बेटांवरून आलेली कुटुंबं यांच्यात आधीपासून काम झालं असतं, तर हद्दींचं गणित तिथेही उलटवता आलं असतं.

निवडून आल्यानंतरचा एक निर्णयही याच प्रकरणात धरायला हवा. चिबाऊ पॅरिसमध्ये कम्युनिस्ट आणि समुद्रापारच्या फ्रेंच प्रदेशांतल्या खासदारांच्या गटात बसले. ऑक्टोबर 2024 ला पंतप्रधान बार्निए यांनी यादी खुली करण्याचं विधेयक सोडून दिलं. नोव्हेंबरमध्ये चिबाऊ युनियन कॅलेडोनियनचे अध्यक्ष झाले. 12 जुलै 2025 ला पॅरिसजवळच्या बूजिव्हालमध्ये त्यांनी आणि मेत्सदोर्फ यांनी एकाच मसुद्यावर सह्या केल्या: फ्रान्सच्या अंतर्गत 'न्यू कॅलेडोनिया राज्य', वेगळं नागरिकत्व आणि पुन्हा एकदा, टप्प्याने खुली होणारी यादी. महिनाभरात एफएलएनकेएसने तो मसुदा नाकारला. खुद्द चिबाऊंच्या पक्षानेही.

इथे दुसरा मार्ग होता. सही करण्याआधी किंवा निदान सही करताना, 'अधिवेशनाच्या मंजुरीच्या अधीन' हे सगळ्यांसमोर ठणकावून सांगायचं. मसुदा तळाशी जाऊन समजावणार, असं त्यांच्याकडून नंतर सांगितलं गेलं, पण तोवर दूरचित्रवाणीवर करार झाल्याची बातमी फिरली होती. 2024 ला नेचाओतमध्ये अधिवेशन मोडलं तेव्हा उमेदवारी पक्षाने ठरवली आणि ते चाललं, कारण उमेदवारी परत घेता येते. देशाच्या दर्जाबद्दलच्या कराराला आघाडीची संमती लागतेच. त्या वादात प्रांतिक निवडणुका आणखी पुढे ढकलल्या गेल्या, आणि गोठवलेली विशेष यादी होती तिथेच राहिली.